औक्षणाची पाचवी मुलगी

भाजे गावच्या शाळेत हेडसरांनी सातवीतल्या अमृतची टिकली काढली आणि तिला राजेश्वरीच्या शेजारून उठवून मुलांत बसवलं. "सर, मी मुलगीच आहे," अमृत हळूच म्हणाली. "शाळेत असली थेरं चालायची नाहीत," सर म्हणाले.

शनिवारी मुंबईच्या देणगीदार बाई येणार होत्या. औक्षणाला पाच मुली हव्यात. वर्गात मुलीच पाच, आणि त्यातली एक नेमकी तापानं फणफणलेली. सरांनी बराच वेळ कपाळ चोळलं. "अमृत, नऊवारी नेस. बाई गेल्या की परत मुलगा हो."

राजेश्वरीनं तिला काष्टा घालून दिला आणि आपल्याच कपाळावरची टिकली काढून तिला लावली.

बाई अमृतवर भलत्याच खूश झाल्या. "काय गोड मुलगी आहे हो! कॉम्प्युटर पाठवते, पण उद्घाटनाला मला हिनंच ओवाळायचं." सरांनी हात जोडून होकार भरला.

गाडी वळणाआड गेली आणि सर गरजले, "अमृत, टिकली काढ. मुलांत जाऊन बस."

राजेश्वरी अदबीनं पुढं झाली. "सर, कॉम्प्युटर येस्तवर तिला माझ्याच बाकावर बसू द्या. मुलांत बसली तर सराव मोडंल तिचा."