नेव्हिओनं पाठवलंय

"किल्ला सकाळीच बघून घ्या. नंतर शाळांच्या सहली येतात, कान किटतात. तटबंदीवर सायकलनं फिरा. आणि जेवायला कोपऱ्यावर ग्वाल्तिएरोकडे जा. नेव्हिओनं पाठवलंय म्हणून सांगा, म्हणजे बरं टेबल देईल."

फेरारातल्या आमच्या घरी खोली घेणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझा नवरा नेव्हिओ वीस वर्षं हेच सांगायचा. काल तुरिनहून आलेल्या जोडप्याला मी सांगितलं. तोंडपाठच आहे ते.

आज नाश्त्याला ती मुलगी हसतच आली. "काकू, तुमचा ग्वाल्तिएरो भारीच आहे हो! काकांचं नाव काढताच आम्हाला खिडकीजवळ बसवलं. वर त्यांच्यासाठी हा डबा दिलाय. म्हणाला, त्या लबाडाला सांगा, पत्त्यांचा डाव अर्धा टाकून पळालास, आता मुकाट ये."

"अशीच बडबड असते त्याची," मी म्हटलं आणि कॉफी ओतली.

डब्यात भोपळ्याचं सारण भरलेला पास्ता होता. वर लोणी भरपूर, नेव्हिओला आवडतं तसं.

"काका अजून उठले नाहीत का?" तिच्या नवऱ्यानं विचारलं.

"नाही."

मी डबा ताटलीत उपडा केला, वर झाकण ठेवलं आणि ताटली नेव्हिओच्या जागी मांडली. शनिवारी त्याच्या शवपेटीला पुढून खांदा ग्वाल्तिएरोनंच दिला होता.