तीनदा विचारायचं

दुकानाचा नियमच होता. गिऱ्हाईक कार्डाला नको म्हणालं, तरी तीनदा विचारायचं. पहिलं 'नको' नुसतं सवयीचं असतं, असं साहेबांचं म्हणणं. आणि साहेब काउंटरच्या मागेच कान लावून उभे.

"मावशी, आपल्या दुकानाचं क्रेडिट कार्ड काढता का? पॉइंट जमतील."

"नको."

"पहिलं वर्ष फुकट आहे, मावशी."

"अरे, नको म्हटलं ना! डोकं नको खाऊस."

रांगेतून कुणीतरी 'आटपा हो' म्हणून ओरडलं. कॅशियरने राग गिळला आणि तोंडावर हसू आणलं. "बघा बुवा. आजच्या खरेदीवरही सूट आहे."

मावशींनी उचललेली पिशवी परत खाली ठेवली. "मग हे आधी नाही का सांगायचं? दे काढून."

संध्याकाळी घरी आल्या आल्या त्याने बूट भिरकावले आणि बायकोपुढे तोंड सोडलं. "दिवसभर नुसत्या लोकांच्या नाकदुऱ्या काढायच्या! माणूस सरळ नको म्हणतोय, तरी आपलं तीनदा विचारा. जबडा दुखतो माझा." बोलता बोलता त्याचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. डोळे रडून सुजले होते.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही."

"बरं," म्हणत त्याने टीव्ही लावला.

ती आत जायला वळली आणि दारातच थांबली.

"उद्या तुझ्या काउंटरवरच येते," ती म्हणाली. "तिथे तरी दुसऱ्यांदा विचारशील."