मान डोलवायची

ओरडून उपयोग नाही, हे त्या बांधावर एकट्या क्रांतीला ठाऊक होतं. एवढ्या लांबून, एवढ्या वाऱ्यात, लेकीच्या कानातल्या मशीनला काही पकडता येत नसे. तरी ती ओरडत होती. "प्राप्तीऽऽ! अगं मागं बघ!"

समोर खाडीकाठच्या खाजणात, चिखलाच्या एका उंचवट्यावर, प्राप्ती पाठ करून बसली होती. बोटांनी चिखल उकरून शिंपल्यांतले खुबे काढत होती आणि शाळेच्या स्कर्टच्या ओच्यात टाकत होती. बांध आणि उंचवटा यांच्यामधल्या चरात मघाशी नुसता चिखल असणार. आता तिथं भरतीचं पाणी होतं, तपकिरी, गोल गोल फिरत चढणारं.

बांधावर शाळेतल्या तीन मुली उभ्या होत्या, गुडघ्यापर्यंत माखलेल्या. त्यातल्या मोठीच्या, हेमालीच्या मनगटावर लाल रिबीन होती. परवा प्राप्तीच्या वेणीतून गेलेली.

क्रांतीनं ती ओळखली. म्हणजे इथंही तेच.

आधीची शाळा वसाहतीतली. तिथं पोरांनी प्राप्तीच्या कानातलं मशीन ओढून काढलं आणि त्याचे झेल घेतले. एकदा तिला बाथरूममध्ये कोंडलं. बाहेरून पोरं म्हणत होती, "सॉरी बोल, मग उघडतो." आत तिला ते ऐकूच येत नव्हतं. मोठ्या बाई क्रांतीला म्हणाल्या होत्या, "मुलं आहेत, मस्ती करणारच. तुम्ही ते मशीन दिसू कशाला देता?"

त्या एका वाक्यावर क्रांतीनं बिऱ्हाड हलवलं. नवरा ट्रेलर चालवायला तिकडेच राहिला, ती लेकीला घेऊन सासरी गावात आली. नव्या शाळेत नाव घातलं, कानाचं मात्र बोलली नाही. सासूबाईंनीही बजावलं होतं, "कोनाला सांगू नको गो. पोरीची जात हाय."

मग रोज सकाळी ती चापून तेल लावायची, दोन वेण्या घालायची, त्या दुमडून कानांवरून घ्यायची आणि रिबिनीचं फूल बरोबर मशीनवर बसवायची. त्यानंतर आरशासमोर उजळणी.

"कोणी काही बोललं आणि तुला नाही कळलं, तर?"

प्राप्ती हसून मान डोलवायची.

"शाब्बास."

"काय म्हणालीस, असं विचारायचं नाही?"

"मुळीच नाही. विचारलंस की त्यांना कळतं."

वर्गाच्या बाई तर खूश होत्या. "गुणी आहे हो तुमची मुलगी. कशाला नाही म्हणून म्हणत नाही." क्रांतीला तेव्हा हायसं वाटलं होतं.

पण मग गणवेशावर चिखल यायला लागला. मग रिबीन गेली. विचारलं की प्राप्ती नुसती हसायची. क्रांतीची झोप उडाली. आज शनिवारची सकाळची शाळा केव्हाच सुटली, पोर घरी आली नाही, तेव्हा ती गाऊनवरच धावत सुटली. रोजचा तो चिखल कुठला, हे आता तिला कुणी सांगायला नको होतं.

ओरडणं सोडून ती पाण्यात शिरली. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. गाऊन पायांत गुंडाळला जात होता, खालचा चिखल पाऊल सोडत नव्हता. मघापासून लेकीनं वळावं म्हणून तिचा जीव तुटत होता. आता तिनं वळू नये म्हणून तुटायला लागला. वळली, पाणी दिसलं आणि घाबरून उतरली, तर?

प्राप्ती वळली नाही. खांद्यावर हात पडला तेव्हा दचकली, आई दिसली तशी हसली, ओचा उघडून खुबे दाखवले. मग तिला पाणी दिसलं. ओचा सुटला. खुबे पाण्यात गेले.

परतताना चरात क्रांतीचा पाय निसटला आणि दोघी एकदा पाण्याखाली गेल्या. वर आल्या तेव्हा समोर एक हात होता. हेमालीचा. मागच्या दोघींनी तिला घट्ट धरलं होतं आणि ती गळ्यापर्यंत पाण्यात होती.

बांधावर आल्या आल्या क्रांतीनं तेच मनगट पकडलं, रिबिनीसकट.

"काय बिघडवलं होतं गं तिनं तुमचं? एकटीला सोडून आलात!"

"नाय काकी, सोडली नाय!" हेमालीला हुंदका आवरेना. "आमी तिला नेहमी नेतो. ही रिबीन पन तिनीच बांधली, मैत्रीन म्हनून. आमच्यात एक जनी बांधावर ऱ्हाते, पानी फिरला की हाक मारते, मंग बाकीच्या पलत येतात. आज माझी पाली होती. मी तिला विचारला पन. हाक मारली की लगेच येशील ना? तर ती हसली, मान डोलवली. मंग मी किती हाका मारल्या, काकी! आमाला वाटला, मस्करी करते."

क्रांतीच्या हातातून मनगट सुटलं.

ती तिथंच चिखलात गुडघ्यांवर बसली. लेकीच्या ओल्या वेण्या सोडल्या, उरलेली रिबीन ओढून फेकली, केस कानामागे सारले. मशीन काढलं. त्यातून खारं पाणी ठिबकलं. तिन्ही मुली बघत राहिल्या.

"हिला ऐकू येत नाही," क्रांती म्हणाली. या गावात आल्यापासून हे तिनं पहिल्यांदाच तोंडातून काढलं. "हाक नाही मारायची. जवळ जाऊन हात लावायचा."

मग तिनं प्राप्तीचा चेहरा आपल्याकडे वळवला. थंडीनं की कशानं, तिचे स्वतःचे दात वाजत होते, शब्द धड उमटत नव्हते. "यापुढे नाही कळलं तर नाही कळलं म्हणायचं. अगदी मलासुद्धा. म्हणशील ना?"

मशीन क्रांतीच्याच मुठीत होतं. प्राप्तीनं आईच्या थरथरत्या ओठांकडे पाहिलं, गोड हसली आणि मान डोलवली.