चार बोटं वर

सर सायकल ढकलत तिच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात आले. तिने ते पाहिलं आणि हातातलं चाक खाली ठेवलं. सरांना सायकल ढकलताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"ब्रेक जरा बघ," सर म्हणाले.

तिने ब्रेक दाबून पाहिले. दोन्ही ठणठणीत होते. रेसची ती जुनी सायकल सर जिवापाड जपत. साखळीवर धुळीचा कण नव्हता. हिच्यावर बसून, तोंडात शिट्टी धरून त्यांनी शाळेच्या कितीतरी पोरांना रेससाठी तयार केलं होतं. त्यांतलीच ती एक.

"बसा बरं." तिने मागचं चाक स्टँडवर चढवलं. "जरा पायडल मारा."

सत्तरीचे सर वाकून बसले. पाठ फळीसारखी सपाट, पाय अजूनही एका लयीत. ती बाजूला उकिडवी बसून बघत राहिली. कोपरं ताठ होती, खांदे कानांपर्यंत चढलेले. मध्येच एक हात सुटायचा, झटकला जायचा, पुन्हा हँडल धरायचा.

"बोटं बधिर होतात?"

"कोण म्हणालं?"

तिने त्यांच्या सुटलेल्या हाताकडे बोट दाखवलं. पायडल थांबलं.

"दोन वर्षं झाली," सर म्हणाले. "मान वर करून रस्ता बघायचा तर कळ येते. परवा एका बाईच्या अंगावरच जाणार होतो."

"हँडल वर घेऊ या."

"हँडल वर घेतलं की संपलं."

"काय संपलं, सर?"

सर सायकलवरून उतरले. तिने पान्हा उचलला.

हँडलचा दांडा वर्षानुवर्षं जागचा हलला नव्हता. तिने तेल सोडलं, वाट पाहिली, लाकडाचा तुकडा ठेवून हलकेच ठोकलं. जोर कुठेच लावला नाही. सर आधी भिंतीकडे बघत होते, इंजेक्शन घेताना बघतात तसे. मग तिच्या हातांकडे बघू लागले आणि बघतच राहिले. तिने जुना दांडा काढून पुढे आखूड पण वर उंच असा दांडा बसवला. हँडल चार बोटं वर आलं. सीट थोडी पुढे सरकवली. ब्रेकच्या मुठी वळवताना दर वेळी सरांचा पंजा त्यांवर ठेवून पाहिला.

"भाजी आणायची सायकल झाली," सर म्हणाले.

"पिशवीला हूक लावू?"

सर हसले.

कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो म्हणाले आणि सव्वा तासाने परतले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"पुलापलीकडे जाऊन आलो. एकदाही हात झटकला नाही." लगेच उतरले नाहीत, एक पाय पायरीवर टेकवून तिच्याकडे बघत राहिले. "हे तुला कोणी शिकवलं?"

"माणसं बघून बघून आलं."

"मी नाही बघितलं." सर म्हणाले. "आठवीत असताना तू सांगितलं होतंस, मान दुखते म्हणून. मी काय म्हणालो होतो?"

"सवय होईल."

"झाली?"

ती पान्हा पुसत राहिली. कोपऱ्यात तिची स्वतःची सायकल उभी होती, हँडल अजून खालीच. एवढ्या वर्षांत तिने सरांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं.

"नाही, सर."

सरांनी मान डोलावली. उतरून सायकल भिंतीला टेकवली, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

"तुझी काढ. मी धरतो."