अकरा गुरुवार

शालनने उकडलेलं चिकन काट्यावर तोललं, त्यात दुधी कालवला आणि वाटी त्यांच्या कुत्र्यापुढे, चिकूपुढे ठेवली. तो खाण्यात गुंगला तशी तिने त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरून इन्सुलिन टोचलं. वर्षभर सकाळ-संध्याकाळ हेच चाललं होतं. तरी गेले दोन महिने दर शुक्रवारी त्याची साखर चढलेलीच निघायची.

कोणीतरी त्याला गोड घालत होतं. संशय कामवाल्या हौसाबाईंवर गेला. “मुक्या जनावराची शपथ, ताई, मी नाही,” म्हणत त्या बाईने नऊ वर्षांचं काम सोडलं. नवरा तेव्हा शेजारीच पेपर वाचत होता. त्याने पान उलटलं, एवढंच.

आज गुरुवार. शालन बँकेतून लवकर परतली आणि फाटकाशीच थबकली. नवरा दत्ताच्या देवळातून येऊन पायरीवर बसला होता. त्याच्या तळहातावरचा पेढा चिकू मन लावून चाटत होता.

“अहो!”

“नवस बोललोय गं,” तो ओशाळला. “दत्ताच्या पायाशी कुत्रीच असतात ना? अकरा गुरुवार पेढा भरवला, की याची साखर उतरेल. दोनच राहिलेत आता.”

“आणि हौसाबाईंवर आळ आला तेव्हा?”

“तेव्हा चौथाच होता. नवस उघड केला तर फळत नाही.”

शालन आत गेली. संध्याकाळचं चिकन तोलून वाटी घेऊन आली. चिकूने ती हुंगली, तोंड फिरवलं आणि शेपूट हलवत नवऱ्याच्या मुठीशी जाऊन बसला.