चार यायला पाहिजे होतं

स्क्रीन गोठली ती गोठलीच.

चार नंबरच्या मशीनवर बसलेल्याने एंटर दाबलं, परत दाबलं, मग दात-ओठ खाऊन दाबलं. शेजारी बसलेला कोलोन नावाचा उमेदवार खुदकन हसला. सकाळीच ओळख झालेली, पण जीभ बालमित्रासारखी.

"अरे, बटण आहे ते, नारळ नाही. फोडतोस काय?"

"गप रे."

"तुझं फंक्शन स्वतःलाच हाका मारत बसलंय. थांबायचं कधी, ते सांगितलंयस का त्याला?"

सांगितलं नव्हतं. एकच अंक उरला की थांब, एवढी एक ओळ राहिली होती. ती नसली की प्रोग्राम स्वतःच्याच शेपटीमागे धावत सुटतो, पार मशीनला धाप लागेपर्यंत. त्याने मशीन बंद करून परत चालू केलं. बाराला परीक्षा संपणार, आणि बारा वाजायला अकरा मिनिटं होती.

परीक्षा साधी होती. ती घेणाऱ्या ओबांदोबाई साध्या नव्हत्या. वर डोंगरातल्या राजधानीहून, कितोहून, खास आलेल्या, आणि मांता बंदराच्या त्या उकाड्यातही काळा कोट घालून बसलेल्या. उमेदवाराने आपल्या ओळखपत्राचा दहा आकडी नंबर घालायचा. त्यातले अंक मिळवायचे, आलेल्या बेरजेतले परत मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. एकदा लूप लावून, एकदा फंक्शनने स्वतःलाच बोलावून. कुणी कुणाचं उत्तर ढापू नये म्हणून बाईंनी आदल्या दिवशीच प्रत्येकाचं उत्तर पेन्सिलीने काढून यादीत त्याच्या नंबरापुढे लिहून ठेवलं होतं. जुळलं तर पास. नाही जुळलं तर दार तिकडे.

पास झालं की यांद्री मेरो हे नाव सोमवारपासून टूना माशांच्या कारखान्याच्या ऑफिसात लागणार होतं, एसीखाली. नापास झालं की गोदीवर बर्फ फोडणं, कायमचं. यांद्रीच्या बायकोला सातवा महिना होता. सकाळी आईने मेणबत्ती लावली होती आणि ती विझेपर्यंत कुणी बोलायचं नाही अशी सगळ्या घराला तंबी दिली होती.

त्याने ती राहिलेली ओळ टाकली. नंबर घातला. डोळे मिटून एंटर दाबलं.

आठ.

लूपवाला प्रोग्राम चालवला. तिथेही आठ. त्याचे खांदे कानापासून जरा खाली आले.

"आलं ना?" कोलोन पुटपुटला. "आता पोट आत घे, डोंगरवाली आली."

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "यांद्री मेरो?"

"हो, मॅडम."

"उत्तर?"

"आठ. दोन्हीकडे आठ."

यादीवरून सरकणारी पेन्सिल थांबली. "चार यायला पाहिजे."

खोलीतला टाइपिंगचा आवाज बंद पडला. बाईंनी यादीच्या कडेला तिथल्या तिथे परत बेरीज मांडली. "एकतीस. तीन अन् एक, चार. परत चालव."

त्याने परत नंबर घातला. बोटं वर्षानुवर्षं पाठ असल्यासारखी पटापट पळाली, बघायचीही गरज नव्हती. आठ.

"मॅडम, मशीन जरा जुनं आहे..."

"म्हणजे मशीनला बेरीज येत नाही?"

खोली हसली. कोलोन सगळ्यात मोठ्याने हसला. चार नंबरवाल्याच्या पाठीवर शर्ट चिकटला.

"अठ्ठावन्न घाल," बाई म्हणाल्या.

पाच आणि आठ तेरा, एक आणि तीन चार. स्क्रीनवर चार.

"नऊ हजार नऊशे नव्याण्णव."

छत्तीस, मग नऊ. स्क्रीनवर नऊ.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. "मग तुझ्याच नंबरला काय झालंय?"

इथे उठला असता तर निदान घरी गेला असता. पण त्याचं डोकं तापलं होतं. वर्षभर हेच काम करून बोटं झिजलेली, आणि ही कोण कितोवाली त्याच्या लूपला खोटं पाडणार!

"प्रोग्राम चुकलेला नाही, मॅडम. आईची शपथ! ओळ न् ओळ समजावून सांगतो. दहाने भागून जी बाकी उरते तो शेवटचा अंक, तो बेरजेत टाकला. मग दहाने भागून तो अंक उडवला. अंक संपले की बेरीज परत त्याच फंक्शनला दिली. एक अंक उरला की थांब. आता बोला, कुठे चुकलं? हवं तर एकेक अंक तुम्हीच तपासा."

"बरोबर बोलतोस," बाई म्हणाल्या. "एकेक अंकच तपासू."

त्यांनी यादी स्क्रीनला लावून धरली आणि पेन्सिलीचं टोक ठेवत मोठ्याने वाचायला लागल्या. "एक. तीन. एक." तिथवर जुळलं. "चार..." स्क्रीनवर दोन होता. पेन्सिल पुढे सरकली. आठच्या जागी सात. दोनच्या जागी नऊ.

बाईंनी टेबलावरचं ओळखपत्र उचललं. त्यावरचा नंबर यादीशी ताडला. जुळला, दहाच्या दहा. मग फोटो त्याच्या चेहऱ्याशेजारी धरून बराच वेळ बघितलं. कोलोनसुद्धा हसायचा थांबला.

"प्रोग्राम अगदी बिनचूक आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "आता फोन लाव आणि यांद्रीला बोलाव."