चौदा पौंडांची ब्रिस्केट

लिओनाने तिसरी ब्रिस्केट मधोमध धरून उचलली. गाईच्या छातीचा हा लांबट तुकडा चांगला असेल तर दोन्ही टोकं खाली लोंबतात. हा मेला फळीसारखा ताठ. तिने तो परत पेटीत टाकला.

सोमवारच्या सुट्टीचा सेल होता. सेलच्या दिवशी आमच्या टेक्सासच्या माणसाला मांसाच्या पेटीपासून हलवायचं म्हणजे बैलच जुंपायला हवेत. शेजारी एक धिप्पाड टोपीवाला स्टेकची पाकिटं गाडीत भरत होता.

"मावशी, स्टेक घ्या की! निम्म्या भावात आहेत. जाळीवर टाकले की दहा मिनिटांत ताटात."

"घाईचं खाणं नकोय मला," लिओना म्हणाली. "धुरावर चौदा तास ठेवायचंय."

"बाप रे! पलटण जेवायला घालताय की काय?"

"मुलगा घरी येतोय. शुक्रवारी."

"अरे वा! किती वर्षांनी?"

"चौदा."

"मग एकीने काय होतंय? दोन घ्या!" असं म्हणून तो खळखळून हसला आणि गाडी ढकलत निघून गेला.

एकच पुरून उरेल, हे लिओनाला ठाऊक होतं. तिने चर्चमधल्या बावीस घरांत फोन केले होते. शुक्रवारी दुपारी जेवायला या म्हणाली होती. कोणाच्या घरी पाहुणे होते, कोणाची कंबर धरली होती. हो म्हणून एकाच्याही तोंडातून निघालं नव्हतं. आपला कर्टिस घरी येणार आणि ताटावर एक माणूस नाही!

"खालच्या थरात बघ. वरच्या लोकांनी चिवडून ठेवल्यात."

आवाज ओळखीचा होता. तिने मान वर केली नाही. ॲल्विन डुशेक या दुकानात तीस वर्षं मांस कापत होता. त्याला टाळायला ती चौदा वर्षं तीस मैलांवरच्या गावी जाऊन खरेदी करत होती. एके काळी दोन्ही घरांची ईस्टरची भट्टी एकच असायची. मग तिचा कर्टिस आणि त्याची लेक पॉलीन यांचं ते प्रकरण झालं आणि बोलणं तुटलं.

"आज इकडे कशी?" त्याने विचारलं.

"कर्टिस म्हणायचा, ॲल्विनकाकाच्या हातची ब्रिस्केट कधी दगा देत नाही."

ॲल्विनने पेटीत कोपरापर्यंत हात घातला, तळातून एक तुकडा काढला आणि तळव्यावर तोलला. दोन्ही टोकं ओल्या टॉवेलसारखी लोंबली. चरबीचा थर बोटभर, एकसारखा.

"ही घे. निमुळतं टोकही जाड आहे, वाळणार नाही." मग थोडं थांबून म्हणाला, "पॉलीनला करपलेली टोकं लागायची. आठवतं?"

"न आठवायला काय झालं! पहिलं ताट तिचंच असायचं. कर्टिस चिडायचा."

"चिडायचा, आणि स्वतःच्या ताटातली टोकंही तिलाच द्यायचा."

लिओनाने पेटीत टाकलेला ताठ तुकडा उगाच सरळ केला.

"त्याला भेटून आलीस?" ॲल्विनने विचारलं.

"रविवारी. काचेच्या अलीकडून, नेहमीसारखी. चौदा वर्षांत त्याच्या बोटाला बोट लागलेलं नाही रे. शुक्रवारी काच नसेल. तोंडावरून हात फिरवणार आहे मी त्याच्या, कोण काय म्हणतं ते बघतेच."

ॲल्विनने ब्रिस्केट तपकिरी कागदात गुंडाळली. "भट्टी कधी पेटवणार?"

"गुरुवारी संध्याकाळी सहाला. शुक्रवारी आठला उतरवायची, दुपारपर्यंत मुरू द्यायची."

"सहाला तू घरी कुठे असशील?"

"एर्नी पेटवेल." एर्नी म्हणजे तिचा भाऊ. "तो म्हणत होता सातला लावू, काय फरक पडतो. मी म्हटलं, सहा म्हणजे सहा. त्याच वेळी घरी कोणीतरी त्याच्यासाठी काहीतरी करत असायला हवं."

ॲल्विनने कागदावर दोरी बांधली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"गुरुवारी मीही जातोय तिकडे," तो म्हणाला. "मला तुरुंगाचं पत्र आलंय."

"मला माहीत आहे. आपल्या बघायच्या खोल्या वेगळ्या असतात, मधे भिंत. कोणी कोणाला दिसत नाही."

"मी दयेचे दोन अर्ज लिहिले होते, लिओना. सोडा त्याला, असं नाही लिहिलं. माझी पोर नेली त्याने, तेवढं माझ्या हातून होईना. मारू नका, एवढंच लिहिलं."

"कर्टिसच्या वकिलाने सांगितलं मला. तुझ्या दारात यायचं फार मनात होतं. पाय उचलला नाही."

मागे कोणीतरी बरगड्यांचा भाव विचारत होतं. ॲल्विनने हात वर करून त्याला थांबवलं. पुडकं तिच्या हातात दिलं, पण स्वतःचे हात लगेच काढले नाहीत.

"शुक्रवारी जेवायला कोण कोण आहे?"

"मी आणि एर्नी."

"तीन पानं मांड." त्याने आता पुडकं सोडलं. "किती वाजता येऊ?"

लिओनाला रडू आवरेना. तिने त्याच्या एप्रनची कड घट्ट धरली.

"अकराला दफन, मग जेवण," ती म्हणाली. "आणि ॲल्विन, जागा मी पार कुंपणापाशी मागितली आहे. तुझ्या पॉलीनच्या कबरीवरून माझा कर्टिस दिसणार नाही."